मिक्सिंगचे पैसे वेगळे

अंतरपाट दुसऱ्यांदा धरला तेव्हा मांडवात फक्त पंख्यांची घरघर होती. देवगडजवळ बहिणीच्या अंगणात, वैशाखातल्या दुपारी. पहिल्यांदा धरला तेव्हा सगळं रीतसर झालं होतं. मंगलाष्टकं झाली, भटजींनी घड्याळाकडे बघत शेवटचं 'सावधान' लांबवलं, सनईवाल्याने गाल फुगवले, अक्षता पडल्या. पण पाट खाली आला आणि त्याच क्षणी वऱ्हाडातले आठ-दहा जण मोबाईल उंचावून पुढे घुसले. व्हिडिओवाल्या पोराच्या कॅमेऱ्यात नवरानवरीऐवजी कुणाच्या तरी घामेजल्या शर्टाची पाठ आली. बिचारा रडकुंडीला आला. तो भावोजींच्या कानाशी लागला, भावोजी भटजींच्या कानाशी लागले. भटजी म्हणाले, "धरा की परत. पण मी आता काही म्हणायचो नाही. म्हणायचं ते म्हणून झालं, मुहूर्त गेला." एवढं बोलून ते उपरण्याने मान पुसत बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि कुणाला तरी संध्याकाळच्या जामसंड्याच्या लग्नाला जायला गाडी आहे का, ते विचारू लागले.

मामा म्हणून मी भाचीच्या मागे उभा होतो, दोन्ही वेळा. सतरंजीवरच्या अक्षता पोरांकडून पुन्हा वेचून घेतल्या गेल्या. सगळ्यांना मोबाईल खाली ठेवायला लावले. पाट हळू खाली आला, हार हळू वर गेले, भाचीने मान जराशी तिरकी करून अगदी बेतानं हसून दाखवलं. खरं सांगायचं तर दुसरं लग्न पहिल्यापेक्षा देखणं झालं. पहिल्या वेळी ती दचकली होती. कुणीतरी मूठभर तांदूळ नेम धरून मारले होते, ते भावोजींच्या उघड्या तोंडात गेले, त्यांना ठसका लागला, आणि सकाळपासून डोळे पुसणारी माझी बहीण एवढ्या मोठ्याने हसली की सनईवालासुद्धा वळून बघायला लागला. त्याच्याही आधी, मंगलाष्टकं चालू असताना, भाची मान न वळवता पुटपुटली होती, "मामा, पाय झोपलाय माझा."

श्रावणात फिल्म आली. बाहेर पत्र्यावर धो धो पाऊस, त्यामुळे आवाज पूर्ण वाढवून आम्ही सगळ्यांनी ती टीव्हीवर पाहिली. सुरुवातीला कुणकेश्वरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, वरून, मग देवगडच्या पवनचक्क्यांपाशी दोघं हातात हात घालून, मग हळद, मग बांगड्या भरलेला हात, आणि मग अंतरपाट. अर्थातच दुसरा. एकेक तांदूळ हवेत तरंगताना दिसत होता. त्यावर एक हिंदी गाणं. फिल्म सुरेख होती, हे कबूल करायला हवं. माझ्या भाचीचं नाक तिच्या पणजीवर गेलंय हे मला त्या फिल्ममुळेच पहिल्यांदा कळलं. ती तिनं इतक्या वेळा लावली की गाणं मला पाठ झालं. तरी काहीतरी सलत राहिलं, आणि ते काय हे दोन-तीन दिवसांनी आंघोळ करताना ध्यानात आलं.

त्यात एकाही माणसाचा आवाज नव्हता.

असं का, याचं उत्तर खरं तर मला त्या पोरानंच आधी देऊन ठेवलं होतं. शेवटच्या पंगतीला तो माझ्या शेजारी होता. फोटोवाले, व्हिडिओवाले, वाजंत्री आणि घरचे वाढपी हे कायम शेवटच्या पंगतीला. तोवर वडे गार झालेले असतात, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा तळ लागलेला असतो आणि सोलकढीत पाणी वाढलेलं असतं. पोरगा कणकवलीकडचा, पंचविशीतला, बोलका. ड्रोन बघायला पोरांची झुंबड उडाली होती, म्हणून मी त्याला लायसनचं विचारलं. म्हणाला, "काका, हे दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचं. अडीचशेच्या आत असलं की २०२१च्या नियमात उडवणाऱ्याला लायसन लागत नाही. लायसनपेक्षा घारीची भीती जास्त. गेल्या वर्षी एक घार अंगावर आली होती." आवाज कसा घेतो, विचारलं, तर तो हसायलाच लागला. ड्रोनला माईक नसतोच. असता तरी त्याला स्वतःच्या पंख्यांखेरीज काय ऐकू येणार? स्लो मोशनचंही तेच. सेकंदाला शंभर-सव्वाशे फ्रेम घ्यायच्या आणि पंचवीसच्या वेगाने दाखवायच्या. आवाजही तितकाच संथ केला तर भटजी म्हशीसारखे रेकतील. त्यामुळे त्या सेटिंगवर कित्येक कॅमेरे आवाज घेतच नाहीत. उरला समुद्राचा वारा. दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटला की माईकमध्ये नुसती फडफड. त्यावर केसाळ टोपी घालतात, पण ती फ्रेममध्ये वाईट दिसते. "नवऱ्याच्या शेरवानीला बारका माईक लावतो आम्ही कधी कधी," तो म्हणाला, "पण नवरा लग्नात बोलतो कुठं?"

म्हणजे फिल्ममध्ये जे जे डोळे दिपवणारं होतं, ते सगळं मुळातच मुकं होतं. गाणं घालण्यावाचून त्याला इलाज नव्हता.

आणि दिसण्यासाठी त्या पोरानं काय काय केलं होतं! भावोजींचा हट्ट होता की कापडी मांडव नको, झापांचा हवा. आठवडाभर आधी माणसं बसून झावळ्यांचे झाप विणत होती, पोफळीचे खांब पुरले, चौकाला आंब्याचे टाळे बांधले. मांडवात पाऊल टाकलं की ओल्या शेणाचा, चुडतांचा आणि कुठूनशा पिकत घातलेल्या आंब्यांचा असा काही वास यायचा की बाहेर ऊन आहे याचा विसर पडावा. पोरानं आल्या आल्या वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. झापांतून कवडसे पडतात. आपल्याला ते छान वाटतात, कॅमेऱ्याला ते मुळीच चालत नाहीत. नवरीच्या गालावर एक कवडसा पडला तर तेवढा गाल पांढराफटक जळतो आणि उरलेला चेहरा काळवंडतो. शेवटी झापांच्या खालून त्यानं पांढरं कापड ताणून घेतलं. भावोजी जरा हिरमुसले, पण फोटोत चेहरे खरोखर मऊ, एकसारखे उजळलेले आले. आमच्या लहानपणीच्या अल्बमांत लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली सगळं वऱ्हाड शेंदूर फासल्यासारखं दिसतं, त्यामानाने हे फारच बरं. कसब आहे त्याच्याकडे. ते मी नाकारत नाही.

आवाजाचं माझ्या मनात एवढं घर करायला कारण आहे एक कॅसेट. माझ्या धाकट्या आत्याचं लग्न १९९३ सालचं, आचऱ्याजवळच्या आमच्या घरी. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडायचं होतं. मुंबईचं वऱ्हाड रातराणी एस्टीने आलं आणि त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या एस्टीने व्हिडिओवाला आला, सोबत हॅलोजनची लाईट धरायला एक पोरगा. गावातलं हे पहिलंच व्हिडिओचं लग्न. नवरीपेक्षा कॅमेरा बघायला गर्दी जास्त. लाईट लागली की घरातले सगळे बल्ब मंद व्हायचे, पाखरं त्या काचेवर येऊन तडतडायची आणि त्यांचा करपट वास पसरायचा. लाईट अंगावर आली की माणसं बोलायची थांबून ताठ उभी राहायची, कारण हलल्यावर फोटो बिघडतो एवढंच तोवर सगळ्यांना ठाऊक होतं. त्या कॅसेटमध्ये माझे एक दूरचे काका चांगला अर्धा मिनिट न हलता कॅमेऱ्याकडे बघतायत.

कॅसेट मग वर्षानुवर्षं माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून. कोकणात पावसाळ्याचे चार महिने चपलेलाही बुरशी येते, तिथं टेपेची काय कथा. काळ्या फितीवर पांढरी बुरशी चढली. आत्या नांदायला गेली तिकडं व्हीसीआरही राहिला नाही. तसं बघायला गेलं तर जगात कुठंच राहिला नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणं बंद केलं आणि नवा व्हीसीआर मिळायची सोयच संपली. शेवटी मुंबईत जुन्या कॅसेटी उतरवून देणारा एक गृहस्थ सापडला. त्याने आधी फीत साफ केली, कारण बुरशीची फीत तशीच लावली तर मशीनचं हेडही जातं आणि पुढच्या गिऱ्हाईकाची कॅसेटही बाद होते. सगळं उतरवल्यावर त्याचा फोन आला. "चित्र फारसं नाही हो हाती लागलं. आवाज मात्र सगळा आहे."

मला वाटलं, माझं समाधान करतोय. पण त्याने नीट समजावलं. व्हीएचएसच्या अर्ध्या इंची फितीवर चित्र तिरक्या रेघांनी लिहिलेलं असतं, गरगर फिरणारी हेडं ते लिहितात आणि वाचतात. फितीला जरा कुठं डाग पडला, सुरकुती आली की त्या रेघा तुटतात आणि पडद्यावर मुंग्या येतात. आवाज त्यापासून वेगळा, फितीच्या कडेने एका सरळ पट्ट्यात चालतो, त्याचं हेडही वेगळं आणि जागच्या जागी बसलेलं. चित्राची वाट लागली तरी आवाज पुष्कळदा वाचतो. आमचा वाचला होता.

आणखी एका गोष्टीमुळे वाचला होता, ती म्हणजे आजोबांच्या मागे घरात पैसा नव्हता. त्या काळी व्हिडिओवाला लग्न झाल्यावर कॅसेट मिक्सिंगला न्यायचा. मिक्सिंग म्हणजे नवरानवरीचे चेहरे कमळातून उमलवायचे, बदामात घालायचे, आणि मांडवातला गोंगाट काढून टाकून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरायची. ज्यांच्याकडे मिक्सिंग केलेली कॅसेट असायची त्यांची गावात वट होती. आमच्या बाबांनी विचारलं, तो म्हणाला, मिक्सिंगचे पैसे वेगळे. बाबा म्हणाले, मग राहू दे. आत्या त्यावरून कितीतरी वर्षं धुसफुसत होती. सासरच्या नणंदेची कॅसेट कशी गाण्यांची, आणि आपली ही अशी, त्यात नुसता कालवा.

तर तो कालवा आता माझ्या फोनमध्ये आहे. पडद्यावर मुंग्या, मधूनच हिरवट पट्टा, एखादा हात, अर्धी मुंडावळ, पुन्हा मुंग्या. आणि मागे जिवंत घर. खवणीवर नारळ खवल्याचा खर्रखर्र आवाज. आडातून पाणी ओढताना करकरणारी रहाटाची कप्पी. कुणीतरी सारखं "गुळाची ढेप खंय ठेवलास?" विचारतंय आणि कुणीच उत्तर देत नाही. घाणा भरताना बायका ओव्या म्हणतायत, मधेच अडखळतात, "पुढं काय गो?" म्हणून हसतात, आणि एक किनऱ्या आवाजाची म्हातारी पुढची ओळ उचलते. ती कोण, यावर घरात दोन तट आहेत. जेवायच्या वेळी एक माणूस ओरडतो, "मुंबयवाल्यांनी आधी बसा, तुमची गाडी आसा!" ते माझे बाबा. त्यांचा तिशीतला आवाज मी विसरून गेलो होतो. पुढं दम्याने तो चिरका झाला आणि आम्हाला तोच त्यांचा आवाज वाटायला लागला.

आणि आजी. आत्याच्या लग्नाच्या अल्बमात आजी नाही. एकाही फोटोत नाही. नवरा गेलेली बाई मांडवात पुढे येत नसे, लेकीच्या लग्नातही नाही. कन्यादानाला काका-काकू बसले. आजी मागच्या पडवीत, चुलाण्यापाशी. फोटोवाला तिकडे गेला असेल तर तिनं पदर ओढून तोंड फिरवलं असणार. व्हिडिओतही ती दिसत नाही, आणि हे मुंग्यांमुळे नव्हे. कॅमेरा तिच्याकडे वळतच नाही. पण कॅमेऱ्याच्या मागून, डावीकडून, उजवीकडून तिचा आवाज सतत येतो. "मेल्या, ती लाईट आधी बाजूक कर, डोळे फुटतले माझे!" "वड्यांचा पीठ झाकून ठेवलास काय गो?" "त्या कॅमेऱ्यावाल्याक कोणी च्या दिल्यान काय नाय?" "माका नको, माका नको. पोरांचो काढ." पाठवणीच्या वेळी आत्याचं रडणं ऐकू येतं, इतर बायकांचं ऐकू येतं, आणि त्या सगळ्यावर आजीचा कोरडा, खणखणीत आवाज, "रडा नको गो. गाडी चुकतली."

मिक्सिंगला पैसे असते तर तिथं एखादं पाठवणीचं गाणं लागलं असतं. लोक डोळे पुसत बघत बसले असते.

म्हणून भाचीची फिल्म बघून झाल्यावर मी त्या पोराला फोन केला आणि शूटिंग जसंच्या तसं मागितलं. तो जरा बुचकळ्यात पडला. रॉ डेटा सहसा कुणी मागत नाही, मागतात ती अल्बमावरून भांडण लागलेली माणसं. फोर-के मध्ये शूट केलं तर तासाला पंचेचाळीस जीबीच्या आसपास जागा जाते, कॅमेरे दोन, लग्न दोन दिवसांचं. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत ठेवतो मी, काका. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, मग डिस्का मोकळ्या कराव्या लागतात." मी डिस्क विकत घेऊन कणकवलीला नेऊन दिली. हातातल्या कॅमेऱ्यानं घेतलेलं बरंचसं मुकंच होतं, पण स्टँडवर ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यानं, ज्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, त्यानं सगळं नेहमीच्या वेगानं, आवाजासकट घेतलं होतं. पहिला अंतरपाटही त्यात होता. दिसते ती घामेजली पाठच. पण 'सावधान' ऐकू येतं, ताशा कडाडतो, भावोजींचा ठसका येतो, आणि मग बहिणीचं ते हसणं. पाय झोपल्याचं मात्र नाही, ते फारच हळू होतं.

मला वाटलं होतं भाची खूश होईल. तिनं ते ऐकलं, चेहरा कसानुसा केला आणि म्हणाली, "मामा, आई किती विचित्र हसतेय. हे कुणाला पाठवू नको हं." तिचंही चूक नाही. लग्न तिचं आहे, ते कसं आठवायचं हे तिनं ठरवायला नको का? माझ्या आत्यालाही बदामातला चेहराच हवा होता, आणि तो न मिळाल्याचं दुःख खरंच होतं. चाळिशी उलटल्यावर माणसाला मेलेल्यांचे आवाज हवेसे होतात. पंचविशीत मेलेले कुठं असतात फारसे? तरी डिस्क मी पुसलेली नाही. बहिणीनं ती दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा दार लावून.

आता मार्गशीर्षात पुतण्याचं लग्न आहे, आचऱ्याला, त्याच जुन्या घरी. व्हिडिओला तोच पोरगा ठरवलाय. परवा फोनवर दर ठरत होता. ड्रोन, दोन कॅमेरे, अल्बम, रील, सगळं झालं. मग मी म्हटलं, मला आवाजही हवाय, दोन्ही दिवस, न कापता. पलीकडे हिशेब चालल्याचं ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "करतो ना काका. वेगळा रेकॉर्डर ठेवावा लागेल, एक माणूस वाढेल. पण आवाजाचे पैसे वेगळे."

मी एवढ्या मोठ्याने हसलो की त्याला वाटलं दर जास्त झाला, त्याने आपण होऊन पाचशे कमी केले. मी ते घेतले. मग त्याने विचारलं माईक कुठं लावायचा, स्टेजवर की भटजींना? म्हटलं, मागच्या पडवीत, चुलाण्याशी. "थंय काय आसा?" तो शहरी मराठी सोडून एकदम घरच्या बोलीवर आला. म्हटलं, थंय आमच्या सगळ्या बायका आसतत. "मगे दोन लावूक व्हये," तो म्हणाला, "एकात मावूचो नाय."